दक्षिण दिशेचे स्मरण

भाद्रपदाचा कृष्णपक्ष संपत आला. सर्वपित्री अमावास्या दाराशी आली आहे. ज्यांची तिथी ठाऊक नाही, ज्यांचे श्राद्ध काही कारणाने राहून गेले, अशा सर्वांचे स्मरण या एका दिवशी करावयाचे, अशी पूर्वजांनी सोय लावून ठेवली. तर्पणाच्या वेळी देवांसाठी आपण पूर्वेकडे तोंड करतो, ऋषींसाठी उत्तरेकडे आणि पितरांसाठी दक्षिणेकडे. जानवे अपसव्य होते, अंगठा आणि तर्जनी यांमधून तिलोदक सुटते आणि एकेक नाव उच्चारले जाते. या पंधरवड्यात गावोगावच्या घरांतून ही नावे ऐकू येतात. कित्येक नावे अशी असतात की, ती वर्षातून एवढ्या एकाच वेळी कोणाच्या तरी मुखातून बाहेर पडतात.

महालयाचा विधी ज्यांनी लक्षपूर्वक पाहिला आहे, त्यांना त्यातील यादी किती लांब असते याची कल्पना असेल. पिता, पितामह, प्रपितामह येथे ती थांबत नाही. माता, मातामह, चुलते, मामा, आत्या, मावशी, सासुरवाडीची माणसे, गुरू, शिष्य, एवढेच काय पण स्नेहीसुद्धा तीत येतात. भीष्माचार्यांना पुत्र नव्हता, म्हणून माघ शुद्ध अष्टमीला त्यांना तर्पण करण्याचा अधिकार सर्वांना दिला. ज्याला कोणीच उरले नाही, त्याच्यासाठीही पाण्याची ओंजळ राखून ठेवलेली आहे. आम्ही आयुष्यभर या शास्त्राचे अध्ययन करीत आलो, आणि त्यातील हे औदार्य पाहून अनेकदा थक्क झालो.

मात्र या सर्व व्यवस्थेत एका माणसाचे नाव कोठेच येत नाही. तो जिवंत आहे, म्हणून तर्पणात तो नाही. त्याच्याने आता घराचा उंबरा ओलांडवत नाही, म्हणून देवळातल्या सभेतही तो नाही.

आमच्या पंढरीत चातुर्मासासाठी येऊन राहणारी वृद्ध मंडळी पुष्कळ. कोणी मठात, कोणी धर्मशाळेत, कोणी वर्षानुवर्षांच्या ओळखीच्या वाड्यात खोली घेऊन राहतात. पहाटे चंद्रभागेचे स्नान, मग दर्शन, दुपारी पोथी, रात्री कीर्तन, असा त्यांचा चार महिन्यांचा क्रम असतो. कीर्तनकाराला समोरची बैठक पाठ असते. अमक्या आजी दुसऱ्या खांबाशी, तमके आजोबा भिंतीला टेकून, त्यांच्या शेजारी टाळ न सोडणारे त्यांचे सोबती, हे चित्र डोळ्यांत बसलेले असते. मग एखाद्या वर्षी खांबाशी दुसरेच कोणी दिसते. चौकशी करावी तर उत्तर मिळते, ‘‘गुडघे गेले, आता नाही येणार.’’ पुढच्या वर्षी चौकशीही कोणी करीत नाही. मृत्यूची वार्ता आली म्हणजे मात्र तीच सभा हळहळते, दोन मिनिटे नामस्मरण होते. उंबऱ्याआड गेल्यापासून ती वार्ता येईपर्यंतचा काळ कधी सहा महिन्यांचा असतो, कधी दहा वर्षांचा. त्या दहा वर्षांसाठी आपल्यापाशी विधी कोणता?

संस्कृत भाषेने म्हातारपणाला दोन अगदी भिन्न शब्द दिले आहेत. जॄ म्हणजे झिजणे. त्यावरून जरा आणि जीर्ण हे शब्द आले. परंतु वृद्ध हा शब्द वृध् धातूचा, ज्याचा अर्थ वाढणे. जो वाढला तो वृद्ध. वृद्धी, वर्धन, वर्धापन ही सारी त्याच घरची मंडळी. शरीर जीर्ण होते त्याच काळात माणूस वृद्ध होत असतो, असे भाषा म्हणते. मात्र वाढलेल्या माणसाला बसावयास जागा कोठे, हे भाषा सांगत नाही. ते समाजाने ठरवावयाचे असते.

हा प्रश्न आमच्या मनात पुष्कळ दिवस घोळत होता. त्याचे एक उत्तर आम्हांस मिळाले ते फार दूरच्या दक्षिणेत. २०१९ च्या उन्हाळ्यात, आषाढीपूर्वी, अमेरिकेतील काही महाराष्ट्रीय मंडळींच्या आग्रहावरून अटलांटा शहरी आमची तीन कीर्तने झाली. त्या देशात नुसते ‘दक्षिण’ म्हटले की, जॉर्जिया, अलाबामा, मिसिसिपी, टेनेसी, दोन्ही कॅरोलिना अशा राज्यांचा मुलूख समजतात. हा एकेकाळचा कापसाचा प्रदेश. याच कापसासाठी तेथे गुलामांचा बाजार भरला, आणि १८६१ ते १८६५ या काळात याच प्रश्नावरून त्या देशात भाऊबंदांचे घोर युद्ध झाले. आजही देवभोळेपणाबद्दल हा मुलूख तिकडे प्रसिद्ध आहे, किंवा काहींच्या मते कुप्रसिद्ध आहे. त्याला ‘बायबलचा पट्टा’ असे नावच पडले आहे.

आमचे यजमान मूळचे सातारा जिल्ह्यातील. जॉर्जियाच्या पश्चिम सीमेजवळच्या एका लहान गावी त्यांनी पंचवीस वर्षे डॉक्टरकी केली. गावाचा मुख्य रस्ता एकच. मध्यभागी न्यायालयाची जुनी इमारत, कडेला बंद पडलेली कापडाची गिरणी, आणि चारही दिशांना पाइन वृक्षांत दडलेली पांढरी लाकडी प्रार्थनामंदिरे. तरुण पोटामागे शहरांत गेलेले, आणि गावी उरलेले बहुतेक साठीच्या पलीकडचे. आम्हांस हे सर्व पाहून परक्या ठिकाणी आल्यासारखे वाटेना. सोलापूरच्या बंद गिरण्या आम्ही पाहिल्या आहेत, आणि आश्विनात ज्या वाड्यांतून पूर्वी तीस पाने उठत तेथे आता दोनच पाने मांडली जातात, हेही पाहिले आहे.

शनिवारी रात्री डॉक्टर म्हणाले, ‘‘बुवा, उद्या आमच्या गावचा सप्ताह आहे म्हणा ना. येता का?’’

आम्ही धोतर नेसून, उपरणे घेऊन गेलो. सप्ताह म्हणजे काय, तर दिवसभराचे सामुदायिक गायन. त्याचा दिवस तारखेने ठरत नाही. अमक्या महिन्याचा दुसरा किंवा तिसरा रविवार, असा पिढ्यान्‌पिढ्या नेमलेला असतो. आपल्याकडे एकादशी कळवावी लागत नाही, तसेच येथेही बोलावणे पाठवावे लागत नाही. प्रार्थनामंदिर आपल्या एखाद्या लहान देवळाच्या सभामंडपाएवढे. चौरसाच्या चारही बाजूंना बाके मांडलेली, सर्वांची तोंडे मध्याकडे. एका बाजूस मुख्य सुरावट गाणारे स्त्री-पुरुष, उरलेल्या तिहींकडे उंच, मधला आणि खर्ज स्वर धरणारे. मध्ये मोकळी चौकोनी जागा. वाद्य एकही नाही. आणि ज्याला आपण श्रोता म्हणतो, तोही नाही! जो आला तो गातो. आम्हांलाही कोणीतरी एक जाडजूड आडवी पोथी हातात दिलीच.

या पोथीचे नाव ‘द सेक्रेड हार्प’, म्हणजे पवित्र वीणा. जॉर्जियातील बी. एफ. व्हाइट आणि ई. जे. किंग या दोघांनी ती १८४४ साली प्रसिद्ध केली. सुधारून, भर घालून तिच्या आवृत्त्या आजतागायत निघत आल्या आहेत. अगदी अलीकडची २०२५ सालची. वाद्य नसताना वीणा कोणती, असे आम्ही विचारले. आपला कंठ हीच ती वीणा, असा खुलासा तेथील जाणत्यांनी केला. फडावर वीणा गळ्यात घेऊन उभ्या राहणाऱ्या आपल्या विणेकऱ्याला हा खुलासा आवडला असता.

त्या पोथीतील स्वरलिपी मोठी गमतीची आहे. ज्यांना शाळेचे तोंड पाहावयास मिळाले नाही त्यांनाही गाता यावे, म्हणून स्वरांना आकृती दिल्या: त्रिकोण, वर्तुळ, चौकोन आणि शंकरपाळ्याच्या आकाराचा चौथा. ‘फा’, ‘सोल’, ‘ला’, ‘मी’ ही त्यांची नावे. प्रत्येक पद आधी केवळ या स्वरनामांनी गातात आणि मग शब्दांनी. आपल्याकडे सरगम म्हणून मग बंदिश घेतात त्याचाच हा प्रकार. मात्र आपल्याकडे सरगम गवई म्हणतो, तेथे सारा गाव म्हणतो. पदांना नावाने हाक मारीत नाहीत, पृष्ठांकाने मारतात. कोणी एक आकडा उच्चारतो, पाने सळसळतात, आणि दुसऱ्या क्षणी छप्पर उडेल असा आवाज उठतो. त्यात गोडवा शोधू नये. तो आवाज रांगडा आहे, आपल्या दिंडीतल्या उघड्या माळावरच्या भजनासारखा.

दर एक-दोन पदांनंतर नवा माणूस नावाने पुकारला जातो. तो मधल्या चौकोनात येऊन उभा राहतो, आपल्या आवडीचा पृष्ठांक सांगतो आणि हाताने ताल देतो. सात वर्षांची मुलगी आली, तिच्यामागून दुकानदार आला, नंतर शेतकरी. कोण येऊन कोणते पद घेऊन गेला, हे एक चिटणीस वहीत टिपून घेत होता. अशा मेळ्यांची ही टिपणे दरवर्षी छापून निघतात, असे डॉक्टरांनी सांगितले. ज्याने आयुष्यात दुसरे काही छापून आलेले पाहिले नाही, त्याचेही नाव पदाच्या आकड्यासह तेथे सापडते.

दोन प्रहरांच्या सुमारास एका वृद्धेचे नाव पुकारले गेले. वय नव्वदीच्या आसपास असावे. दोघांनी दोन्ही हातांना धरून तिला मध्यावर आणले, खुर्ची ठेवली. तिने पुस्तक घेतले नाही. आकडा सांगितला, तोही मागच्या बाकांना ऐकू गेला नाही. पुढच्यांनी मागे पोहोचविला. मग तिचा उजवा हात वर गेला आणि खाली आला. त्या हाताचा वेग आतापर्यंतच्या गायनाच्या जेमतेम निम्मा होता. दीडशे माणसांनी तो वेग विनातक्रार उचलला. ज्यांचे श्वास लांब होते त्यांनाही ते पद दमवीत होते, पण एकानेही तिच्या पुढे धाव घेतली नाही. आम्ही चाळीस वर्षे साथीदारांबरोबर उभे राहिलो आहोत. समोरच्याचा ताल सांभाळणे म्हणजे काय असते, हे आम्हांस कोणी सांगावयास नको. त्या सभेने त्या आजींचा ताल ज्या आदराने सांभाळला, तसा आदर आम्ही मोठमोठ्या मैफलींतही क्वचितच पाहिला आहे.

आणि मग तो भाग आला, ज्यासाठी हा लेख लिहावयास आम्ही बसलो आहोत.

दुपारच्या भोजनाआधी गायन थांबले. एक बाई आणि एक पुरुष चौकोनात आले. त्यांच्या हाती दोन याद्या होत्या. पहिली यादी गेल्या वर्षभरात निवर्तलेल्यांची. एकेक नाव सावकाश वाचले गेले. आपल्या महालयाप्रमाणेच त्यात नातलग होते, शेजारी होते, दुसऱ्या राज्यातले गायकमित्रही होते. ही यादी आम्हांस समजली. तिच्यात नवल काही नव्हते. नंतर दुसरी यादी उघडली. ती होती जिवंत माणसांची. जे आजारी आहेत, अंथरुणाला खिळले आहेत, घराबाहेर पडू शकत नाहीत, अशांची नावे त्याच स्वरात, त्याच सावकाशीने वाचली गेली. पहिल्या यादीतल्यांसाठी एक पद झाले, दुसरीतल्यांसाठी एक. सभेचा हा जो भाग त्याला स्मरणाचा पाठ म्हणतात, आणि बहुतेक मेळ्यांत तो नेमाने होतो.

डॉक्टर आमच्या कानाशी लागून म्हणाले, ‘‘बुवा, त्या दुसऱ्या यादीत माझे सात पेशंट आहेत.’’ त्यांनी असेही सांगितले की, त्यांतील काहीजण आज सकाळपासून घड्याळाकडे पाहत असतील. आपले नाव साधारण किती वाजता वाचले जाईल, हे त्यांना अनुभवाने ठाऊक असते.

त्यानंतर भोजन. झाडांखाली लांबच लांब सिमेंटचे ओटे याच कामासाठी कायमचे बांधलेले. प्रत्येक घराने आपापल्या घरून पदार्थ आणलेले, आणि ज्याने त्याने हवे ते घ्यावयाचे. आषाढी पौर्णिमेला गोपाळपुरी काला होतो, त्याची आठवण झाली. आमची मात्र तेथे पंचाईतच! घेवड्याच्या शेंगांतसुद्धा मांस घालण्याची त्या देशी चाल आहे. आम्ही उकडलेले कणीस आणि टोमॅटोच्या चकत्या यांवर भागविले. ते एका बाईंनी पाहिले आणि काही न बोलता आपल्या परसातील पीच फळांची टोपली आमच्यापुढे आणून ठेवली. सोवळ्याओवळ्याचा विचार करणारे वाचक आम्हांस या फळांपुरती क्षमा करतील. जेवणे उरकल्यावर आम्ही आणखी एक गोष्ट पाहिली. पंगत उठण्यापूर्वीच काही बायका झाकलेली ताटे घेऊन मोटारींकडे निघाल्या होत्या. दुसऱ्या यादीतल्या माणसांचा तो वाटा होता.

त्या मुलुखात पितरांचा स्वतंत्र दिवसही आहे. डोंगराळ भागांत उन्हाळ्याच्या आरंभी प्रत्येक दफनभूमीचा आपला एक ठरलेला रविवार असतो. त्या दिवशी कुटुंबे जमतात, तण उपटतात, माती सारखी करतात, प्रत्येक थडग्यावर फुले ठेवतात, प्रार्थना होते, पदे होतात आणि तेथेच जेवण होते. त्याची एक हकीकत डॉक्टरांनी सांगितली, ती आम्ही नंतर वाचूनही पाहिली. नॉर्थ कॅरोलिना राज्यात १९४२ ते १९४४ या युद्धकाळात फोंटाना नावाचे मोठे धरण बांधले गेले. काही गावे पाण्याखाली गेली, आणि जलाशयाच्या उत्तर तीरावरील डोंगर राष्ट्रीय उद्यानात सामील करण्यात आले. तेथील दोन डझनांहून अधिक दफनभूमी पाण्यापलीकडे राहिल्या. जुना रस्ता बुडाला म्हणून १९४३ च्या करारात सरकारने नवा रस्ता देण्याचे कबूल केले. तो थोडे मैल झाला, एक बोगदाही खणला गेला, आणि १९७० नंतरच्या काही वर्षांत काम थांबले ते कायमचे. लोकांनी त्या तुकड्याला ‘कोठेच न जाणारा रस्ता’ असे नाव दिले. १९७८ च्या सुमारास गावकऱ्यांनी नेटाने मागणी लावून धरली, तेव्हापासून उद्यानाचे अधिकारी उन्हाळ्यातल्या नेमक्या रविवारी त्यांना नावेतून पलीकडे नेऊ लागले. रस्त्याच्या बदल्यात त्या परगण्याला ५ कोटी २० लाख डॉलर देण्याचे २०१० मध्ये ठरले आणि शेवटचा हप्ता २०१८ मध्ये मिळाला. पैसा आला, तरी वृद्ध माणसे फुलांच्या टोपल्या घेऊन नावेत बसतातच. काठीच्या आधाराने ती चढण चढणाऱ्यांत, लहानपणी आईच्या कडेवरून तेथून बाहेर पडलेली माणसे होती.

ही हकीकत आम्ही उजनीच्या काठच्या एका शेतकऱ्यास सांगितली. उजनीचे धरण १९८० साली पुरे झाले, आणि पळसदेवचे पळसनाथाचे प्राचीन मंदिर त्याच्या पाण्यात गेले. दुष्काळाच्या वर्षी पाणी ओसरले म्हणजे त्याचे शिखर, मग मंडप उघडा पडतो, आणि बायाबापड्या चिखल तुडवीत दर्शनाला जातात. आमच्या चंद्रभागेला वारीत जे पाणी सोडले जाते ते याच धरणाचे. तो शेतकरी एवढेच म्हणाला, ‘‘बुवा, त्यांना नाव तरी मिळाली.’’

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. नाहीतर आम्ही परदेशाचे गोडवे गातो असे होईल. त्याच मुलुखात गोऱ्यांची आणि काळ्यांची प्रार्थनामंदिरे पिढ्यान्‌पिढ्या वेगळी राहिली, आणि आजही पुष्कळ अंशी आहेत. एकाच देवाचे नाव घेणारे दोन समाज रविवारी सकाळी दोन रस्त्यांनी जातात. हे पाहून नाक मुरडण्याचा अधिकार मात्र आपणांस नाही. विठ्ठलाच्या पायांशी हरिजनांना येऊ द्यावे, म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात आमच्याच गावी उपोषण करावे लागले होते.

त्या कृष्णवर्णीय समाजाने वृद्धत्वाला दिलेला मान मात्र मुद्दाम पाहण्यासारखा आहे. १९१० ते १९७० या काळात सुमारे साठ लाख कृष्णवर्णीय माणसे अन्याय आणि दारिद्र्य यांना कंटाळून दक्षिण सोडून उत्तरेकडील व पश्चिमेकडील शहरांत गेली. त्यांच्या मूळ गावच्या मंदिरांत वर्षातून एकदा, पुष्कळदा ऑगस्टच्या सुमारास शेतीची कामे थोडी सैल झाली म्हणजे, ‘घरी येण्याचा’ उत्सव असतो. आपल्याकडे गावजत्रेला मुंबईकर येतात, तसे सर्व परततात. त्या मंदिरांतून वयोवृद्ध स्त्रियांना ‘माता’ ही पदवी असते. शुभ्र वस्त्रे परिधान करून त्या पुढच्या बाकांवर बसतात, आणि ती बाके त्यांचीच असतात. धर्मोपदेशक नवा आला तर तो आधी त्यांना नमस्कार करतो. त्यांनी मान हलविली की, प्रवचन रंगले असे समजतात. आमच्याकडील खांबाजवळच्या आजींची मान हलली नाही, तर आमचाही पूर्वरंग लांबतो, हे येथे सांगून टाकतो.

या सर्व मंडळींचे पुढे काय होणार, ही काळजी तेथेही आहे. रविवारी दहा माणसे जमतात अशी मंदिरे आम्ही पाहिली. काहींना कुलूप आहे, आणि दफनभूमीची तेवढी राखण होते. पोथीचे गायन मात्र दूरदूरच्या शहरांत, इंग्लंड-पोलंडपर्यंत पोहोचले आहे. परंतु तेथील नव्या गायकाला त्या दुसऱ्या यादीतले कोण, कोणत्या घरात, कोणत्या खिडकीशी पडून आहे, हे कसे कळणार? ते कळावयास एका गावात चाळीस वर्षे राहावे लागते.

परतल्यावर आषाढी झाली आणि चातुर्मास सुरू झाला. आमचे कीर्तन प्रदक्षिणा मार्गावरील एका लहान मठात असते. पहिल्याच एकादशीला आम्ही सभेस विनंती केली: पूर्वी येथे येत असत आणि आता येऊ शकत नाहीत, अशांची नावे सांगा, आरतीपूर्वी ती वाचू. अकरा नावे आली. दुसऱ्या दिवशी सकाळी एक गृहस्थ दारात उभे. चेहरा उतरलेला. म्हणाले, ‘‘बुवा, आमची आई अजून आहे हो. गेलेल्यांसारखे तिचे नाव सभेत वाचलेत, घरात बायकांना धसका बसला.’’

त्यांची भीती खोटी नव्हती. आपल्याकडे नाव वाचून स्मरण करावयाचे ते गेलेल्याचेच, अशी मनाची सवय झाली आहे. आम्ही त्यांना बसविले आणि विचारले, सत्यनारायणाच्या संकल्पात नाव-गोत्र कोणाचे उच्चारतात? जिवंत यजमानाचेच ना? वडिलांची साठीची शांत झाली तेव्हा पुरोहिताने त्यांचे नाव दहा वेळा घेतले असेल. सहस्रचंद्रदर्शन हा तर वृद्धाच्या नावाचा सोहळाच. फरक एवढाच की, ते विधी आयुष्यात एकदा होतात, त्यांना खर्च लागतो, आणि ज्याला मुलगा-सून करणारे आहेत त्याचेच होतात. ते गृहस्थ निरुत्तर झाले, पण समाधान पावले असे आम्हांस दिसले नाही. म्हणून आम्ही क्रम बदलला. गेलेल्यांची नावे कीर्तनाच्या शेवटी, आणि येऊ न शकणाऱ्यांची नावे आरंभीच, नमनाच्या संकल्पात, त्यांच्या आरोग्याच्या प्रार्थनेसह. दोन्हींमध्ये पूर्वरंग आणि आख्यान असे दीड-दोन तासांचे अंतर. पुढच्या एकादशीला त्याच गृहस्थांनी आईचे नाव स्वतः लिहून आणून दिले, आणि खाली तिच्या बहिणीचेही.

मार्च २०२० मध्ये मंदिर बंद झाले. त्या वर्षी आणि पुढच्याही वर्षी संतांच्या पादुका एस.टी.च्या बसमधून पंढरीस आल्या, मोजक्या मंडळींसह. पासष्टीच्या वरच्या लोकांनी घरीच राहावे, असा सरकारचा सल्ला होता. म्हणजे आमची सगळी बैठक एकदम दुसऱ्या यादीत जाऊन बसली! दर एकादशीला घरातल्या देवापुढे उभे राहून आम्ही वहीतील नावे वाचीत होतो. दोनशेच्या वर झाली होती. पलीकडच्या खोलीतून आमच्या गृहिणी एखादे राहिलेले नाव ओरडून सांगत. त्या दोन वर्षांत वहीतील सव्वीस नावे एका पानावरून दुसऱ्या पानावर न्यावी लागली.

आता सभा पुन्हा भरते आहे. वही तिसरी चालू आहे, आणि ती आमच्याजवळ नसते. मठातील एक महाविद्यालयात शिकणारी मुलगी ती सांभाळते. नावापुढे ती गल्ली आणि घराची खूण लिहून ठेवते, कारण प्रसादाची पुडी पोहोचवावयाची असते. हे काम आमच्या कल्पनेपेक्षा अवघड निघाले. काही घरांत वृद्धांना भेटू देत नाहीत. पुडी दारातच घेतात. एका घरी सुनेने स्पष्ट सांगितले की, सभेत नाव वाचले की सासूबाई दोन दिवस रडतात, तेव्हा वाचू नका. आम्ही ते नाव मोठ्याने वाचीत नाही, मनात घेतो. दोन घरे अशीही निघाली की, माणूस पंढरीतच आहे आणि शेजाऱ्यालाही त्याचा पत्ता नव्हता.

मोडनिंबकडील एक आजोबा पूर्वी दर चातुर्मासाला भिंतीला टेकून बसत असत. त्यांनी गेल्या आषाढात नातवाकरवी चिठ्ठी पाठविली. नाव वाचता ते ठीक आहे, पण माझ्या नावानंतर अभंग कोणता घ्यावयाचा ते मी सांगेन, तुमच्या मनाचा घेऊ नका, आणि चाल जुनी ठेवा, असा त्यातील मजकूर. अभंग आम्हांस पाठ होता. ती चाल ठाऊक नव्हती. तेव्हा त्यांनी दूरध्वनीवरून ती म्हणून दाखविली. दुसऱ्या चरणाशी त्यांचा दम संपला आणि पुढचे दोन चरण त्यांच्या सुनेने म्हटले. तिला चाल नीट येते, हे आजोबांनाही त्या दिवशीच कळले. पेटीवाल्याने ती बसविली आहे. या इंदिरा एकादशीला प्रथम घेतली, तेव्हा सभेला धरावयास जड गेली, म्हणून दोनदा म्हटली.